मंगळागौर घरातली, प्रेक्षक गावभरचे!

मैत्रिणींनो, ही हकीगत लिहावी की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार करीत होते. कारण तिच्यात थोडी चूक माझीही आहे. शेवटी जिच्यावर प्रसंग ओढवला तीच म्हणाली, "लिहा हो खुशाल, माझं नाव तेवढं घालू नका." तेव्हा धीर केला.

गेल्या श्रावणात माझ्या पुतणीची पहिली मंगळागौर होती. सकाळी पूजा झाली, रात्री जागरण. आम्ही वीस-पंचवीसजणी जमलो होतो. झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, पिंगा तर असा रंगला की खालच्या मजल्यावरच्या बायकाही वर आल्या. समोरच्या वहिनी एरवी अगदी अबोल. भजनी मंडळात मागच्या रांगेत बसणाऱ्या. पण त्या रात्री सगळ्यांनी आग्रह केला आणि वहिनींनी पदर खोचून अशी काही खाष्ट सासू वठवली, की हसून हसून आमची मुरकुंडी वळली!

खोलीच्या कोपऱ्यात पुतण्याने मोबाइल स्टँडला लावून ठेवला होता. माझी नणंद न्यू जर्सीला असते. मीच त्याला म्हटलं होतं, "अरे, लाव ना ते तुझं लाइव्ह. तिकडे आता भर दुपार असेल, आत्यालाही बघू दे जरा." त्याने फेसबुकवर लाइव्ह सुरू केलं. आत्याखेरीज आणखी कोणकोण पाहू शकेल, हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आणि ज्या बायका नाचत होत्या, त्यांना तर कुणी काही कळवलंच नाही.

आठ दिवसांनी वहिनींच्या त्या सोंगाचा वीस सेकंदांचा तुकडा व्हॉट्सॲपवर फिरू लागला. त्याला कुणी विनोदी संगीत जोडलेलं, खाली चावट ओळ लिहिलेली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून तो गेला नातेवाइकांच्या ग्रुपवर, आणि तिथून वहिनींच्या सासूबाईंच्या माहेरी. तिकडून फोन आला, "सून तुमची नक्कल करून गावाला हसवतेय, पाहिलंत का?" चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई! तीस वर्षं दोघी एका घरात सुखाने नांदल्या. पण त्या फोननंतर दोन दिवस म्हातारी सुनेशी बोलली नाही. वहिनींनी भजनाला येणं सोडलं. जिन्यात भेटल्या तरी मान खाली घालून जायच्या.

मी पुतण्याला खडसावलं. तो म्हणाला, "काकू, मी तर व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी काढून टाकला होता!" आणि ते खरं होतं. मग हा तुकडा आला कुठून?

गेलं म्हणावं, तर गेलेलं नसतं

आपल्या पिढीची यात मोठी फसगत होते. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. शेजारच्या घरी दाटीवाटीने बसून आपण जे पाहिलं, ते पाहिलं. ते घरी जपून ठेवण्याची सोय आपल्यापाशी नव्हती. व्हिडिओची यंत्रं घराघरात दिसू लागली ती पुष्कळ नंतर. त्यामुळे 'थेट प्रक्षेपण' म्हटलं, की आता दिसतंय आणि मग विरून जाणार, असं आपल्या मनात घट्ट बसलंय. फेसबुकने लाइव्हची सोय २०१६ साली सर्वसामान्यांना खुली केली, तेव्हाही आपण तिला तसंच समजलो.

पण या लाइव्हची नक्कल निदान तीन ठिकाणी राहू शकते.

पहिली, त्या कंपनीकडे. फेसबुकवर लाइव्ह संपलं की त्याचा व्हिडिओ आपल्या पानावर राहतो. पूर्वी तो आपण काढीपर्यंत तसाच राही. १९ फेब्रुवारी २०२५ पासून कंपनीने नव्या लाइव्हसाठी तीस दिवसांची मुदत घातली. यूट्यूबवर बारा तासांच्या आतलं लाइव्ह आपोआप जपलं जातं.

दुसरी नक्कल, ज्याने लाइव्ह केलं त्याच्याकडे. तो व्हिडिओ आपल्या फोनमध्ये उतरवून घेऊ शकतो.

तिसरी मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसते. ती पाहणाऱ्याकडे! हल्लीच्या बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर जे चाललंय ते जसंच्या तसं टिपून घेण्याची सोय असते. त्याला स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणतात. एक बटण दाबलं की झालं. समोरच्याने असं टिपून घेतलं तर लाइव्ह करणाऱ्याला कळतसुद्धा नाही. आपण मूळ व्हिडिओ पुसून टाकला, तरी त्या फोनमधला कसा पुसणार? वहिनींचा तुकडा असाच कुणीतरी टिपून ठेवला होता.

लाइव्ह लावण्यापूर्वी

म्हणून लाइव्ह कधी करूच नये, असं मी मुळीच म्हणत नाही. परदेशातल्या लेकीला, अंथरुणाला खिळलेल्या आजीला घरचं कार्य पाहायला मिळतं, हे सुख लहान नाही. फक्त पुढची काळजी घ्या.

आधी विचारा. कार्य सुरू होण्यापूर्वी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, की आता लाइव्ह लावतोय, अमुक लोक पाहतील, ज्यांना नको त्यांनी या बाजूला बसावं. आणि एखादी नको म्हणाली, तर "अगं, त्यात काय एवढं!" म्हणून तिला भिडेला घालू नका. हळदीकुंकवाच्या आमंत्रणातच 'लाइव्ह असेल' किंवा 'नसेल' असं लिहिलं तर उत्तमच.

कोण पाहणार ते ठरवा. फेसबुकवर लाइव्ह सुरू करण्यापूर्वी 'पब्लिक' म्हणजे सर्वांसाठी, की 'फ्रेंड्स' म्हणजे आपल्या यादीतल्यांसाठीच, हे निवडता येतं. आमच्या पुतण्याचं 'पब्लिक'वर होतं. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' केलं तर व्हिडिओ शोधून सापडत नाही, पण ज्याच्याकडे दुवा जाईल तो पाहू शकतो, आणि तो दुवा पुढेही धाडू शकतो. इन्स्टाग्रामने तर ऑगस्ट २०२५ मध्ये नियम केला, की लाइव्हसाठी खातं सर्वांना खुलं हवं आणि निदान हजार अनुयायी हवेत. तेव्हा तिथलं लाइव्ह म्हणजे उघड्या मैदानावरचा कार्यक्रमच समजा.

चार माणसांसाठी व्हिडिओ कॉल करा. व्हॉट्सॲपवर एका वेळी बत्तीसजणांना कॉलवर घेता येतं. नणंदेसाठी मला तेवढं पुरे होतं! कॉलवरचंही कुणी टिपून घेऊ शकतं, नाही असं नाही. पण पाहणारा कोण, हे निदान आपल्याला ठाऊक असतं.

फोनच्या मागेपुढे काय दिसतंय ते पाहा. दारावरची पाटी, उघडं कपाट, देवापुढे मांडलेले दागिने, मुलाच्या गणवेशावरचं शाळेचं नाव. सहलीला गेल्यावर समुद्रावरून लाइव्ह करणं म्हणजे घराला कुलूप आहे अशी दवंडी पिटणंच. ती गंमत परत आल्यावर दाखवावी.

मुलांवर लक्ष ठेवा. यूट्यूबने जुलै २०२५ पासून असा नियम केला, की सोळा वर्षांखालच्या मुलांनी एकट्याने लाइव्ह करायचं नाही, सोबत मोठं माणूस दिसलं पाहिजे. पण कंपनीचा नियम म्हणजे आईचा डोळा नव्हे.

आता साड्यांच्या लाइव्हबद्दल. आपल्यातल्या कितीतरीजणी घरबसल्या फेसबुकवर साड्या, कुर्ते, दागिने विकतात. मोठं कौतुक वाटतं. पण घेणाऱ्या बायका उत्साहाने खाली कॉमेंटमध्येच आपला फोन नंबर आणि पत्ता लिहून टाकतात! लाइव्ह संपलं तरी त्या कॉमेंटा कुणालाही वाचता येतात. मग नको त्या वेळी नको ते फोन येतात, नाहीतर "ताई, तुमचं पार्सल अडकलंय, एवढे पैसे भरा" म्हणून कुणी टोपी घालतं. तेव्हा साडीचा नंबर कॉमेंटमध्ये आणि पत्ता खासगी निरोपात, ही सवय विकणाऱ्या ताईंनीच लावून द्यावी.

प्रसंग ओढवलाच तर

घाबरून लगेच सगळं पुसून टाकू नका. आलेल्या व्हिडिओचा, तो पाठवणाऱ्या नंबरचा आणि तारखेचा फोटो काढून ठेवा. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब या सर्वांवर 'रिपोर्ट' करण्याची सोय असते, ती वापरा. ग्रुपवर आला असेल तर ग्रुप चालवणाऱ्याला सांगून काढायला लावा.

न्यायालयाचं म्हणणंही ठाऊक असू द्या. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं, की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. बाईचं खासगी स्थितीतलं चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद आहे. त्या कलमातली एक गोष्ट प्रत्येकीने लक्षात ठेवावी. असं चित्रण करायला तिने संमती दिली असली, तरी ती पसरवण्याची संमती होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खालीही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर करता येते. बायका-मुलांसंबंधीची अशी तक्रार तिथे नाव न सांगताही नोंदवता येते. पैशांची फसवणूक झाली असेल तर ताबडतोब १९३० हा नंबर फिरवावा.

पण वहिनींच्या गोष्टीत कायद्याचा फारसा उपयोग नव्हता. भरल्या घरात, हसतखेळत केलेलं सोंग ते. जे मोडलं होतं, ते दोन माणसांमधलं होतं. ते आम्हालाच निस्तरावं लागणार होतं.

एका संध्याकाळी पुतण्याला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. सासूबाईंच्या पाया पडले आणि सगळं खरं सांगितलं. फोन मी लावायला सांगितला, वहिनींना त्याचा पत्ताही नव्हता, आणि जे सोंग चांगलं दहा मिनिटं चाललं त्यातले वीसच सेकंद तुमच्यापर्यंत आले. पुतण्याने कान धरले. सासूबाईंनी ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. वहिनी आत चहा टाकायला गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. दाराशी एक परडी ठेवली आणि प्रत्येकीला म्हटलं, "फोन यात ठेवा, वाण घेऊन जाताना न्या." काहींनी नाक मुरडलं, पण ठेवले. वहिनी आल्या. त्यांचा हात धरून सासूबाईही आल्या. तिळगूळ झाला, गप्पा रंगल्या. तेवढ्यात सासूबाईंनी परडीकडे पाहून विचारलं, "सगळे फोन त्यातच आहेत ना गं?"

"हो आजी, सगळे."

म्हातारी सुनेकडे वळून म्हणाली, "मग कर बघू ती सासू. मला मेलीला तेवढा तुकडाच दाखवला. अख्खी बघू दे."