वाळवंटाचा गणवेश भंडाऱ्यात चालेल का?

भंडाऱ्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांना टेकतो, तेव्हा परदेशी वाळवंटात तैनात होणाऱ्या सैनिकांचा वाळूरंगी गणवेश आणि बूट इथेही सोयीचे ठरतील असे कुणालाही वाटेल. मेपुरते ते खरे आहे. पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत मात्र तोच पोशाख जाच होईल, कारण तो बेतलेला असतो कोरड्या हवेसाठी. आपल्या त्वचेचे तापमान साधारण 35 अंश. हवा त्याहून तापली की बाहेरची उष्णता उलट अंगात शिरते आणि घाम वाळणे हा सुटकेचा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. निथळून खाली पडलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. हवेची ही वाळवण्याची ताकद ओले फडके गुंडाळलेला तापमापक दाखवतो. 45 अंश आणि 15 टक्के आर्द्रतेत तो 24 पर्यंत उतरतो, तर 33 अंश आणि 85 टक्क्यांत 31च्या आसपासच अडकतो. बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईला जुलैतली ढगाळ दुपारही का जड जाते, ते यात आले.

हे गणित लष्करांना उशिराच उमगले. पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. सूर्यकिरण थेट कण्याला इजा करतात अशी तेव्हा समजूत होती, म्हणून त्या मोहिमेत गोऱ्या सैनिकांच्या पाठीवर जाड कापडाची गादी असे. जिथून घाम वाळायचा, नेमकी तीच जागा झाकलेली! बुटांचा धडा आणखी बोलका आहे. व्हिएतनामच्या जंगलासाठी बनवलेल्या अमेरिकी बुटांना पाणी निथळायला तळाजवळ छिद्रे होती आणि अणकुचीदार खुंट्यांपासून बचावासाठी तळव्यात पोलादी पत्रा. 1991च्या आखाती युद्धाच्या सुमारास दिसले ते असे की वाळवंटात त्याच छिद्रांतून वाळू आत येते आणि पत्रा तापतो. पुढच्या वाळवंटी बुटांतून दोन्ही गोष्टी गेल्या. वर पॉलिश न लागणारे खरबरीत चामडे आले.

फिका रंग तरी ऊन परतवतोच की, असा आक्षेप येईल. पण 1980 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या प्रयोगात वाळवंटात राहणाऱ्या बेदुइनांचा काळा झगा आणि पांढरा झगा यांत अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच भरली. काळ्याने जास्त शोषलेली उष्णता सैल कापडाखाली खेळणाऱ्या हवेने वाटेतच नेली. वाळूचा रंग मुख्यतः शत्रूच्या नजरेसाठी असतो. मग कपडेच कमी का घालू नयेत? सावलीत किंवा दमट हवेत जरूर; मेच्या उन्हात मात्र उघड्या अंगावर सूर्याचा आणि तापल्या जमिनीचा मारा सरळ बसतो, म्हणून डोक्याला दुपट्टा आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा हेच शहाणपणाचे.

गणवेश खरेदी करणाऱ्या कार्यालयांनी रंग आणि ‘डेझर्ट’ हे लेबल पाहण्याआधी महिना पाहावा. भंडारा जिल्ह्यातल्या कोका अभयारण्यात पावसाळी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला वाळवंटी बूट देऊ नयेत. त्याला पाणी निथळणारे, लवकर वाळणारे बूट हवेत.