शेकोटीवरचा शिरा: जाळाबद्दलचे आणि गुळाबद्दलचे गैरसमज

मुक्कामाच्या ट्रेकचा शिधा ठरत असतो तेव्हा खिचडी, पापड, कांदा इथपर्यंत कुणाची हरकत नसते. ‘गोडाचं काय?’ असं कुणी विचारलं की ‘चिक्की घ्या’ म्हणून विषय संपतो. पंधरा माणसांना पुरेल असा गरम गोड पदार्थ उघड्यावर करता येईल, यावर बहुतेकांचा विश्वासच नसतो. ज्यांचा असतो ते दुधाच्या पिशव्या, साखर, रवा आणि तुपाची बरणी असं सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात. दोघांचाही अंदाज एकाच ठिकाणी चुकतो. शेकोटीवरच्या शिऱ्याचं मुख्य काम आदल्या दिवशी घरच्या गॅसवर उरकायचं असतं. शेकोटीकडे पाणी उकळणं आणि थोडी वाफ एवढंच ठेवायचं.

आधी मार्शमॅलोचा निकाल लावू, कारण हल्ली तलावाकाठच्या तंबूंमध्ये शेकोटी म्हटली की काडीला टोचलेला मार्शमॅलो हवाच, अशी समजूत झाली आहे. ही अमेरिकी पद्धत. भाजलेला मार्शमॅलो आणि चॉकलेटचा तुकडा दोन बिस्किटांमध्ये दाबून खायचा. तिथल्या गर्ल स्काउट्सच्या एका मार्गदर्शक पुस्तकात १९२७ साली त्याची कृती छापली गेली. पदार्थ वाईट नाही, पण तो शाकाहारी असतोच असं नाही. नेहमीच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. बिनजिलेटिनचेही मिळतात, तेव्हा पाकिटावरचं हिरवं चिन्ह बघून घ्यावं. माझी तक्रार निराळी आहे: पंधरा जण एका शेकोटीभोवती काड्या घेऊन बसले की निम्मे मार्शमॅलो राखेत पडतात आणि उरलेले कोळसा होतात. गटासाठी एक पातेलंच बरं.

‘उघड्यावर शिरा केला की गाठी होणारच’

गाठी रवा आणि पाणी यांच्या भेटीत काय होतं त्यावर ठरतात, उघड्या-बंद जागेशी त्यांचा संबंध नाही. कच्चा किंवा अर्धवट भाजलेला रवा गरम पाण्यात पडला की बाहेरच्या कणांतला स्टार्च लगेच फुगून चिकट होतो आणि आतले कण कोरडेच अडकतात. रवा तुपात नीट भाजलेला असेल तर प्रत्येक कणाला तुपाचा लेप बसतो आणि ते एकमेकांना चिकटायच्या आत पाणी सगळ्यांपर्यंत पोचतं. ट्रेकवर घोळ होतो तो भाजण्यात. पातळ बुडाचं पातेलं, खाली नाचणारा जाळ, हातात विजेरी, त्यामुळे रवा एकीकडे काळा आणि एकीकडे पांढरा.

म्हणून भाजणं घरीच. पंधरा जणांना जेवणानंतर वाटीभर शिरा द्यायचा तर अर्धा किलो बारीक रवा आणि २०० ग्रॅम तूप घ्यावं. मंद आचेवर, खमंग वास सुटून रंग बदामी होईपर्यंत भाजावा. काजू-बेदाणे त्याच तुपात आधी तळून घ्यावेत. सगळं पूर्ण गार झाल्यावर वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ घालून जाड पिशवीत भरावं. ‘तूप वाटेत सांडतं’ ही भीतीही इथेच मिटते, कारण तूप रव्यात मुरलेलं असतं. तुपात पाण्याचा अंश नगण्य असतो आणि भाजल्याने रव्यातलीही ओल उडते, त्यामुळे हे मिश्रण कोरड्या पिशवीत आठवडाभर सहज टिकतं. पिशवी गरम असताना बांधली तर मात्र आत वाफ धरते आणि सगळं बिघडतं. ओलं खोबरं तर घालूच नये.

गूळ? तो वेगळ्या पुडीत. ‘सगळं एकत्र कालवून न्या, नुसतं पाणी ओता’ हा सल्ला सोयीचा वाटतो, पण गूळ किंवा साखर पाण्यात विरघळली की ते पाणी स्वतःकडे ओढून ठेवते आणि रव्यातला स्टार्च फुगायला जास्त तापमान लागतं. गोड पाण्यात टाकलेला रवा म्हणूनच कचकचीत राहतो. घरोघरी साखर शेवटी घालण्याची रीत आहे, ती उगीच नाही. साडेतीनशे ग्रॅम गुळाची पावडर वेगळी बांधली तर वजन वाढत नाही. सगळा कोरडा ऐवज सव्वा किलोच्या आत बसतो. शिऱ्यातला सगळ्यात जड घटक म्हणजे पाणी, आणि ते मुक्कामी मिळतंच.

मुक्कामावर दीड लिटर पाणी उकळायचं, एका हाताने रवा सोडत दुसऱ्या हाताने ढवळायचं, झाकण ठेवून पातेलं आचेवरून बाजूला काढायचं आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघायचं नाही. दाणा फुलला की गूळ घालायचा, पुन्हा मंद निखाऱ्यावर ठेवून हलवायचं. शिरा कडेने सुटू लागला की झालं.

दूध नसलं तरी चालतं. उलट गूळ असताना दूध न नेलेलंच बरं. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, उकळत्या दुधात पडला की दूध फाटण्याचा संभव मोठा. दुधाची चव हवीच असेल तर भाजून गार केलेल्या रव्यात दूध पावडर मिसळावी आणि त्या खेपेला गुळाऐवजी साखर न्यावी. पिशवीतलं दूध दिवसभर उन्हात पाठीवर वागवून संध्याकाळी पातेल्यात ओतणं हा निव्वळ जुगार आहे.

गुळाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ‘गुळाचा आहे, त्रास नाही, घ्या अजून’ हे वाक्य प्रत्येक पंगतीत ऐकू येतं. गुळाचाही बहुतांश भाग साखरच असतो. १०० ग्रॅम साखरेत चारशेच्या जवळपास कॅलरी असतात, तेवढ्याच गुळात साधारण ३८०. लोह आणि इतर खनिजं गुळात असतात हे खरं, पण माणशी वाट्याला येणाऱ्या वीस-पंचवीस ग्रॅममध्ये ती कितीशी येणार? मधुमेह असलेल्याने शिऱ्याकडे शिरा म्हणूनच बघावं. गूळ चवीसाठी न्या, धुरकट आचेवर त्याचा खमंगपणा साखरेला येत नाही.

‘वर गडावर शिजत नाही’

याच्यात अर्धं सत्य आहे. साधारण दर तीनशे मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथे पाणी साधारण साडेचौऱ्याण्णव अंशांना उकळेल. डाळीला त्याचा फरक जाणवतो, तिला जास्त वेळ लागतो. रव्यातल्या गव्हाच्या स्टार्चला फुगायला साठ-पासष्ट अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. म्हणजे सह्याद्रीत असं ठिकाणच नाही जिथे उंचीमुळे शिरा शिजणार नाही. शिजला नाही, तर पाणी कमी पडलं किंवा वाऱ्याने आच पळवली.

‘जाळ मोठा केला की लवकर होतं’

सगळ्यात जास्त शिरे या समजुतीने जाळले आहेत. मोठ्या जाळातली बरीचशी उष्णता वर आणि कडेने निघून जाते, पातेल्याच्या वाट्याला काजळी मात्र भरपूर येते. शिवाय पाणी आणि शिरा यांत फरक आहे. पाणी तापलं की खालचं वर, वरचं खाली असं आपोआप फिरत राहतं. घट्ट झालेला शिरा फिरत नाही. तळाला लागलेली उष्णता तळालाच साचते, तिथली साखर आधी करपते आणि वरचा थर कोमट राहतो. पाणी उकळेपर्यंत जाळ ठीक. रवा पडला की निखारे.

त्यासाठी शेकोटीचे दोन भाग करावेत. एका बाजूला लोकांना शेकायला लाकडं जळत ठेवायची, तिथले तयार निखारे काठीने दुसऱ्या बाजूला ओढून त्यावर तीन दगडांची चूल मांडायची. बाभळीसारख्या जड लाकडाचा निखारा बराच वेळ टिकतो. गवत, पाचोळा आणि कारवीच्या काटक्या भपकन पेटतात आणि तितक्याच लवकर संपतात. ओल्या लाकडावर रॉकेल ओतणारा वीर प्रत्येक गटात एक असतो. त्याच्या हातातली बाटली काढून घ्यावी. धगधगत्या निखाऱ्यावर रॉकेल ओतलं की आधी त्याची वाफ होते आणि ती एकदम पेट घेते, ओतणाऱ्याच्या तोंडासमोर.

दगड आणि लाकूड कुठलंही चालतं, हाही भ्रम. ओढ्यातला गोल गुळगुळीत दगड चुलीला छान बसतो, पण त्याच्या भेगांत पाणी मुरलेलं असतं. तापल्यावर त्याची वाफ होते आणि दगड तडकून कपच्या उडू शकतात. कोरड्या जागेवरचे दगड घ्यावेत. बिब्ब्याचं लाकूड जाळू नये, त्याचा धूर अंगावर फोड आणतो आणि डोळ्यांना इजा करतो. कण्हेरीच्या किंवा चिकाच्या झाडांच्या काड्या खायचं टोचायला घेऊ नयेत. झाड ओळखता येत नसेल तर गावातून विकत घेतलेली मोळी सर्वांत उत्तम, त्यात गावकऱ्याच्याही पदरात चार पैसे पडतात.

पातेलंच न्यायचं नसेल तर केळी. इथे लोकांना ॲल्युमिनियमची फॉइल लागतेच असं वाटतं. केळ्याची साल हीच त्याची फॉइल आहे. सालीला लांबट चीर द्यावी, आत गूळ आणि दाण्याचं कूट किंवा चॉकलेटचे तुकडे भरावेत आणि केळं चीर वर ठेवून निखाऱ्यावर मांडावं. साल काळी ठिक्कर पडली की चमच्याने आतला गर खावा. केळ्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं, ते आहे तोवर गराचं तापमान शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही, म्हणून बाहेर कोळसा झाला तरी आत शिजतंच. न्यायला जरा कच्चट केळी घ्यावीत, पिकलेली पिशवीत चेंगरतात. वाटेत माकडं असतील तर पिशवी बंद ठेवावी, एवढंच. कोकणातली पानगी हे याच विचाराचं जुनं रूप: गूळ घातलेलं तांदळाचं पीठ केळीच्या दोन पानांमध्ये, तव्यावर. फॉइल वापरायचीच असेल तर ‘चकचकीत बाजू आत की बाहेर’ यावर वाद घालू नये. शेवटच्या लाटणीत दोन पत्रे एकत्र लाटतात, म्हणून रुळाला लागलेली बाजू चमकते. स्वयंपाकात त्याने काही फरक पडत नाही. फॉइल शेकोटीत जळून जाते हेही खोटं. ती चुरगळून राखेत उरते, वेचून परत आणावी लागते.

‘जंगलात शेकोटीला कोण अडवतंय?’

कायदा अडवतो. राखीव वनात विस्तव पेटवायला १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने मनाई आहे. (अमेरिकेत मार्शमॅलोची कृती छापली गेली, तेच साल. योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.) अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागू होतो, आणि कळसूबाई व हरिश्चंद्रगड हा भाग अभयारण्यातच येतो. फेब्रुवारीपासून डोंगरावरचं गवत वाळतं आणि एक ठिणगी वणव्याला पुरते. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धुराने ते उठतं, मग पळायलाही जागा नसते. शिऱ्याची जागा म्हणजे पायथ्याच्या गावातलं अंगण किंवा परवानगी असलेली मुक्कामाची जागा. वर जायचंच असेल तर छोटा गॅस स्टोव्ह न्यावा. तोही चालतो का हे वनखात्याच्या नाक्यावर विचारावं, आणि चालत असेल तर शिरा त्यावरही तेवढाच चांगला होतो.

निखाऱ्याला धूर नाही म्हणजे धोका नाही, या समजुतीने जीव गेले आहेत. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि बंद तंबूत तो झोपेतच माणसाला बेशुद्ध करतो. थंडी कितीही असो, निखाऱ्याची घमेली तंबूत न्यायची नाही. पाऊस आला म्हणून स्वयंपाकही आत हलवायचा नाही.

विझवतानाही एक चूक सर्रास होते. माती ढकलली की शेकोटी विझली असं लोक धरून चालतात. पूर्वी घरात सकाळच्या चुलीसाठी विस्तव राखून ठेवायचा तर निखारा राखेखाली पुरत असत, तो रात्रभर जिवंत राही. मातीखालीही तेच होतं, आणि सकाळी वारा सुटला की गवताला ठिणगी मिळते. पाणी ओतावं, काठीने ढवळावं, पुन्हा ओतावं. सुरसुर थांबल्यावर हाताची पालथी बाजू आधी राखेजवळ नेऊन बघावी. धग लागली नाही तरच राखेला हात लावावा. ती गार लागली तर झोपायला जावं.

राहिलं पातेलं. चुलीवर चढवण्याआधी त्याला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप दिला तर काजळी मातीसकट निघून येते. तळाला चिकटलेल्या शिऱ्यावर गरम पाणी ओतून झाकून ठेवावं, घासायला चुलीतली गार राख पुरते. मात्र हे पातेलं टाक्यात किंवा ओढ्यात बुडवू नये, ‘राखेनेच घासलंय’ म्हटलं तरी तुपाचा तवंग पाण्यावर राहतोच. टाक्यातलं पाणी सकाळी चहाला घ्यायचं असतं. धुण्याचं पाणी बाटलीने घेऊन लांब जावं, आणि खरकटं पाणी झाडाझुडपांत पसरून ओतावं.