जाणता कान, नवखा गळा

निवृत्तिवेतनाचा हुकूम हाती पडला, मुलेबाळे आपापल्या मार्गास लागली आणि दिवसाच्या तासांवर कोणत्याही दप्तराची मालकी उरली नाही, म्हणजे आयुष्यभर 'पुढे पाहू' म्हणून तहकूब ठेवलेल्या ज्या इच्छा मनात डोके वर काढतात, त्यांत गाणे शिकण्याची इच्छा बहुधा अग्रभागी असते. अशा विद्यार्थ्यास शिकवावे कसे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कारण मुलांसाठी आखलेला अभ्यासक्रम संथ गतीने शिकवला की तो वृद्धांसाठी योग्य होतो, ही समजूतच मुळात सदोष आहे.

मुलाचा कान आणि गळा एकाच वेळी घडत असतात. उलट, १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसृत झालेले 'गीतरामायण' ज्याने बालपणी घरच्यांसोबत ऐकले, तरुणपणी 'सवाई गंधर्व' महोत्सवाच्या रात्री जागवल्या आणि नाट्यपदांच्या तबकड्या झिजेपर्यंत वाजवल्या, त्याचा कान इतका जाणता झालेला असतो की स्वतःच्या गळ्यातून निघालेला पहिलाच षड्ज त्यास असह्य वाटावा. गाणे अवघड वाटले म्हणून मूल वर्ग सोडते. हा विद्यार्थी सोडतो तो आपले गाणे आपल्याच कानास पसंत पडत नाही म्हणून. वृद्धांच्या संगीतशिक्षणातील खरी अडचण ही आहे, आणि त्यांचे खरे भांडवलही हाच कान आहे.

शरीराची तक्रारही दाखल करून घ्यावी लागते. वयोमानाने स्वरयंत्रातील कूर्चा कठीण होतात, स्वरतंतूंची लवचिकता घटते आणि दमसास उणावतो. पुरुषांचा आवाज बहुधा किंचित चढतो, तर ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांचा खाली येतो. तरुणपणी काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंनी त्याच पट्टीचा आग्रह धरला, तर तार सप्तकाशी झटापट करण्यातच त्यांची शक्ती खर्ची पडते. पट्टी काळी तीनवर किंवा त्याहून खाली आणली की तोच गळा मोकळा होतो. उंच कंपनसंख्येचे ध्वनी कमी ऐकू येऊ लागल्याने 'स', 'श' यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणून पदाचे शब्द ठळक अक्षरांत लिहून द्यावेत. गुडघे मांडी घालू देत नसतील तर पेटी मेजावर ठेवून खुर्चीवर बसण्यास शास्त्राची हरकत नाही, आणि तासभराच्या एका बैठकीपेक्षा दिवसातून दोन-तीनदा केलेला पंधरा मिनिटांचा रियाज अधिक फलदायी ठरतो.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि सामान्य गृहस्थाच्या मुलांना संगीताचे द्वार खुले केले; त्या परंपरेतून रूढ झालेला अलंकार, सरगमगीत, छोटा ख्याल हा क्रम आणि प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची परीक्षांची श्रेणी ज्याच्यापुढे अर्धे शतक आहे त्याला शोभते. सत्तरीच्या विद्यार्थ्याबाबत हा क्रम उलटा करणे श्रेयस्कर: त्यास मुखोद्गत असलेला एखादा अभंग प्रथम त्याच्याकडून म्हणवून घ्यावा, त्यातील स्वर पेटीवर त्याच्याच बोटांनी शोधवावेत, आणि इतकी वर्षे आपण जे गुणगुणत होतो ते भूपाचे पाच स्वर होते, हे त्यास उमगले म्हणजे मगच त्याच्यापुढे पलट्यांची वही उघडावी. जे कान जाणतो ते बुद्धीस आणि गळ्यास सांगणे, एवढेच येथे गुरूचे काम असते.

अमेरिकेत रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीत विद्यालयात प्राध्यापक रॉय अर्न्स्ट यांनी १९९१ साली 'न्यू होरायझन्स बँड' आरंभिला. पन्नाशी उलटलेल्या आणि कित्येकदा जन्मात वाद्य हाती न धरलेल्या मंडळींना, वैयक्तिक प्रावीण्याची वाट न पाहता, वृंदवादनात सामील करून घेऊनच शिकवावे, हे त्यामागील सूत्र. पुढे उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी असे वृंद उभे राहिले. महाराष्ट्रास या सूत्राचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या भजनी मंडळात बुवांनी चरण उचलावा, टाळकऱ्यांनी तो मागून झेलावा आणि नवख्याने मागच्या रांगेत टाळ घेऊन प्रथम लय, मग शब्द आणि अखेर चाल आत्मसात करावी, ही शिक्षणपद्धती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपला स्वर इतरांच्या स्वरांत मिसळलेला ऐकू आला की त्या जाणत्या कानाचा जाचही सैल पडतो.

तथापि समूहात चूक झाकली जाते, सुधारत नाही. सुधारण्यासाठी गुरूच लागतो, आणि येथे एक नाजूक पेच उद्भवतो. पंचवीस वर्षांची शिक्षिका आणि तिच्या आजोबांच्या वयाचा शिष्य अशी जोडी जमली म्हणजे संकोचापोटी ती प्रत्येक ओळीस 'छान, काका' म्हणू लागते. परंतु कचेरीत चाळीस वर्षे साहेबांची खुशामत ऐकण्यात ज्याने काढली, त्यास खोटी वाहवा तत्काळ ओळखू येते, आणि आपल्याकडून आता कसलीच अपेक्षा उरलेली नाही असा तिचा अर्थ तो लावतो. 'काका, गंधार उतरला, पुन्हा घ्या' असे तिने निःसंकोच म्हणावे. त्या वाक्यात शिष्याचा जो सन्मान आहे, तो हारतुऱ्यांच्या कोणत्याही सत्कारात नाही.