शर्यत बंद पडली, रस्ता मात्र राहिला

वाचकहो, शर्यतीत वेळेआधी पोहोचणाऱ्याला दंड होतो, असे तुम्ही कधी ऐकले आहे काय? इटली देशात अशी एक मोटारींची फेरी दरवर्षी निघते. चारशेच्या वर जुन्या मोटारी, बहुतेकींना छप्पर नाही, काहींना दारेसुद्धा नाहीत. उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहरातून त्या निघतात, रोमपर्यंत जातात आणि दुसऱ्या वाटेने परत ब्रेशाला येतात. या फेरीचे नाव आहे ‘मिल्ले मिल्या’, म्हणजे हजार मैल. किलोमीटरच्या हिशेबात सोळाशे आणि आजच्या फेरीत त्याहूनही अधिक.

या मोटारी साध्यासुध्या नाहीत. आल्फा रोमिओ, बुगाट्टी, फेरारी, मर्सिडीज, जग्वार अशा एकेकाळच्या नामांकित शर्यतीच्या गाड्या त्यांत असतात. चालवणारे येतात जर्मनी, हॉलंड, इंग्लंड, अमेरिका, जपान अशा देशांतून. आपली गाडी जहाजाने किंवा मोठ्या ट्रकने इटलीत आणायची आणि चार-पाच दिवस परक्या मुलुखात सगळ्यांच्या सोबतीने चालवायची, असा हा शौक आहे. त्यातले एकेक वाहन कोट्यवधी रुपयांचे, आणि नुसते प्रवेशशुल्कच काही लाखांच्या घरात. म्हणजे हा थोरामोठ्यांचा खेळ झाला. मग तो आपण का समजून घ्यावा? कारण या खेळामागे एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात रस्त्याच्या कडेला उभी असलेली गोरगरिबांची मुले आहेत.

चौघांनी काढलेली शर्यत

१९२१ साली इटलीची पहिली ग्रां प्री शर्यत ब्रेशाजवळ झाली. पण पुढच्याच वर्षी मोन्झा येथे खास धावपट्टी बांधली गेली आणि शर्यत तिकडे गेली. ब्रेशाच्या माणसांना ही गोष्ट लागली. आयमो माज्जी आणि फ्रांको मात्सोत्ती हे दोन उमराव तरुण, रेंझो कास्तान्येतो हा संयोजक आणि जोव्हान्नी कानेस्त्रीनी हा पत्रकार अशा चौघांनी मिळून नवी कल्पना काढली. धावपट्टी नसली म्हणून काय झाले? देशातले रस्ते आहेतच. ब्रेशाहून रोम आणि रोमहून ब्रेशा! प्राचीन रोमन लोक अंतर मैलांत मोजत, म्हणून नावही तसेच ठेवले.

पहिली शर्यत मार्च १९२७ मध्ये झाली. ब्रेशातच तयार झालेल्या ओ. एम. कंपनीच्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. जिंकणाऱ्या मिनोया आणि मोरांदी या जोडीला एकवीस तास आणि वर पाच मिनिटे लागली. ताशी सरासरी साधारण ७७ किलोमीटर. त्या काळचे खडीचे, धुळीचे रस्ते पाहता ही कमाल होती. तीनच वर्षांनी, १९३० साली, ताझिओ नुव्होलारी याने शंभराची सरासरी ओलांडली. वेग वाढत चालला.

शर्यत उघड्या रस्त्यावर होती. तिकीट नाही, कठडा नाही, बसायला जागा नाही. ती तुमच्या गावातून, तुमच्या घरासमोरून जायची. गाड्या एकेका मिनिटाच्या अंतराने सुटत. लहान, हळू गाड्या आदल्या रात्रीच निघत आणि सर्वांत वेगवान गाड्या सकाळी. १९४९ पासून तर गाडीचा क्रमांक हीच तिची सुटण्याची वेळ असे. त्यामुळे शेतावरचा माणूससुद्धा नुसता क्रमांक वाचून घड्याळाकडे बघे आणि कोण पुढे, कोण मागे याचा हिशेब करी. सारा देश कामधंदा सोडून रस्त्यावर उभा राही.

सातशे बावीस क्रमांकाची गाडी

१ मे १९५५ रोजी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी ७२२ क्रमांकाची मर्सिडीज सुटली. चालवणारा होता इंग्लंडचा पंचवीस वर्षांचा स्टर्लिंग मॉस. शेजारी बसला होता डेनिस जेन्किन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार. सोळाशे किलोमीटरचा रस्ता पाठ करणे परदेशी माणसाला शक्य नव्हते. इटालियन चालकांना तो फायदा जन्मतःच मिळालेला. मग या दोघांनी काय केले? शर्यतीआधी सगळा रस्ता अनेकदा पालथा घातला. कुठले वळण धोक्याचे, कुठल्या चढाच्या माथ्यापलीकडे रस्ता सरळ आहे, हे जेन्किन्सनने टिपून घेतले. त्या टिपणांची जवळजवळ साडेपाच मीटर लांबीची कागदी गुंडाळी एका डबीत बसवली. डबीच्या खिडकीतून वाचायचे आणि गुंडाळी पुढे सरकवायची. इंजिनाच्या आवाजात बोललेले ऐकू येणे शक्य नव्हते, म्हणून सगळ्या सूचना हाताच्या खुणांनी.

दहा तास, सात मिनिटे, अठ्ठेचाळीस सेकंदांत ती गाडी ब्रेशाला परत आली. ताशी सरासरी १५७ किलोमीटरच्या वर. म्हणजे मुंबईहून दिल्ली गाठून वर आणखी दोनशे किलोमीटर जायचे, तेही गावागावांतून, घाटाघाटांतून, आणि सकाळी निघून सायंकाळी पोहोचायचे! हा विक्रम नंतर कोणी मोडला नाही. आजच्या मोटार रॅलीत सहचालक जी टिपणे वाचून दाखवतो, त्या पद्धतीला या गुंडाळीने मोठी चालना दिली. चालवणारा जितका थोर, तितकाच शेजारी बसून वाट सांगणाराही थोर असतो, हे या जोडीने दाखवून दिले.

पण सरासरी दीडशेच्या वर गेली, याचा अर्थ काही ठिकाणी वेग अडीचशेच्याही पुढे होता. आणि लोक तसेच उभे होते, कडेला, कठड्याविना.

बारा मे १९५७

इशारे मिळाले नव्हते असे नाही. १९३८ साली बोलोन्या शहरात एक गाडी गर्दीत घुसली. दहा माणसे मेली, त्यांत सात मुले होती. मुसोलिनीच्या सरकारने शर्यतीवर बंदी घातली. पण युद्धानंतर, १९४७ साली, ती जुन्याच थाटात पुन्हा सुरू झाली. मॉसच्या विक्रमाला दीड महिनाही झाला नव्हता, तोच जून १९५५ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत फेकली गेली आणि ऐंशीहून अधिक लोक प्राणाला मुकले. तरीही हजार मैलांची शर्यत चालूच राहिली. कारण तिच्यात देशाचा मान होता, कारखान्यांची जाहिरात होती आणि लोकांचा आनंदही होता.

१२ मे १९५७. आल्फोन्सो दे पोर्तागो हा अठ्ठावीस वर्षांचा स्पॅनिश सरदार फेरारी चालवत होता. शेजारी त्याचा अमेरिकन मित्र एडमंड नेल्सन. हजार मैलांपैकी बहुतेक मैल संपले होते. काव्रियाना आणि ग्विदित्सोलो या गावांच्या दरम्यान रस्ता अगदी सरळ आहे. तिथे भरवेगात टायर फुटला. गाडी उधळली आणि कडेला उभ्या असलेल्या माणसांवर गेली. पोर्तागो गेला, नेल्सन गेला. आणि त्यांच्यासोबत रस्त्याकडेचे नऊ जण गेले. त्यांतली पाच लहान मुले होती.

वाचक बंधू-भगिनींनो, इथे क्षणभर थांबले पाहिजे. पोर्तागोने धोका पत्करला होता. तो त्याचा शौक होता, त्याची निवड होती. नेल्सनचीही होती. पण त्या पाच मुलांनी काय पत्करले होते? ती आपल्या गावच्या रस्त्यावर, आपल्या माणसांच्या शेजारी उभी राहून रंगीत गाड्या पाहत होती. मोठ्यांच्या शौकाची किंमत न विचारता त्यांच्याकडून वसूल झाली. पोर्तागोचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत आले. त्या मुलांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

या वेळी मात्र इटलीच्या सरकारने माघार घेतली नाही. उघड्या रस्त्यावरची ही शर्यत कायमची बंद झाली. गाड्यांचे निर्माते एन्झो फेरारी यांच्यावर खटला चालला आणि १९६१ साली ते निर्दोष ठरले. त्या दिवशीची शर्यत जिंकली होती पन्नास वर्षांच्या पिएरो तारुफ्फीने. अनेक वर्षे तो या विजयासाठी झगडला होता. जिंकलो तर शर्यत सोडीन, असा शब्द त्याने पत्नीला दिला होता आणि तो त्याने पाळला. पुढे त्याच वर्षी त्याने अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात लेख लिहून अशा शर्यती आता थांबवा, असे जाहीरपणे मांडले. हरलेला माणूस तक्रार करतो, त्यात नवल नाही. जिंकलेल्या माणसाने थांबा म्हणणे, याला मोठे मन लागते.

नियमच बदलला

वीस वर्षे गेली. १९७७ साली, पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, जुन्या गाड्यांची एक फेरी निघाली. १९८२ पासून ती पुन्हा काढली जाऊ लागली आणि पुढे दरवर्षीची झाली. मात्र आता ती वेगाची शर्यत नव्हती. १९२७ ते १९५७ या काळात मूळ शर्यतीत जे नमुने धावले, त्याच नमुन्यांच्या गाड्यांना प्रवेश. त्यामुळे कोट्यवधींच्या फेरारीशेजारी छोटी फियाट असते आणि पुढून दार उघडणारी अंड्याच्या आकाराची इझेत्ताही दिसते, कारण तीही १९५४ साली या रस्त्यावर धावली होती!

आता कसोटी आहे अचूकपणाची. समजा, रस्त्याचा एक ठरावीक तुकडा पंचेचाळीस सेकंदांत पार करायचा आहे. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकलेली असते. पुढचे चाक तिच्यावर पडले, की वेळ नोंदली जाते, तीही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. चव्वेचाळीस सेकंद लागले तरी चूक, सेहेचाळीस लागले तरी चूक. शेजारी बसलेला जोडीदार घड्याळ हातात धरून मोठ्याने मोजत असतो: पाच, चार, तीन, दोन, एक! चालवणारा त्या मोजणीवर पाय हलका-जड करतो. कित्येक गाड्यांत पती-पत्नी असतात, कुठे बाप-लेक असतात. बायकांच्या जोड्यांसाठी वेगळा चषक आहे. दोघांतला विश्वास ढळला, की गुण गेले.

आणि गाडी तरी सोपी आहे काय? सत्तर-ऐंशी वर्षांची गाडी. सुकाणू जड. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो, नाहीतर दाते करकरतात. ब्रेक जुन्या ढोलाच्या पद्धतीचे. लांब उतारावर तापले की पकड सोडतात. फ्लॉरेन्स आणि बोलोन्या यांच्या मधला फुता घाट ९०३ मीटर उंच, त्याला लागूनच रातिकोझा ९६८ मीटर. चढताना पाणी उकळते, उतरताना ब्रेक तापतात. वर छप्पर नाही. सपाटीवर ऊन भाजून काढते आणि घाटात पाऊस झोडपतो. मागून दुरुस्तीच्या गाड्या घेऊन मेकॅनिक येत असतात. रात्री मालक जेवायला बसतात तेव्हा हे कारागीर गाडीखाली आडवे पडलेले असतात. बक्षीस घेताना त्यांची नावे पुकारली जात नाहीत. पण ते नसते तर निम्म्या गाड्या रोमपर्यंतही पोहोचल्या नसत्या.

ब्रेशाच्या चौकात निघण्यापूर्वी प्रत्येक गाडी तपासून तिच्या सुकाणूच्या दांड्याला शिशाचे सील लावतात. मग एकामागून एक गाड्या लाकडी उतारावरून खाली येतात. वाटेत सिएना शहराचा शिंपल्यासारखा चौक लागतो, रोमची रात्र लागते. गावोगावी म्हातारी माणसे दारात खुर्च्या टाकून बसतात आणि शाळेची मुले झेंडे हलवतात. गाड्या गावात आल्या की हळू होतात. मुले जवळ जाऊन त्यांना हात लावतात.

ही फेरी अगदी निर्धोक आहे असे कोणी म्हणू नये. जुनी गाडी आणि चालू रहदारी एकत्र आली, की काळजी घ्यावीच लागते. शिवाय तो श्रीमंतांचा शौक आहे तो आहेच. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रस्ता जवळपास तोच, गाड्या त्याच, निघण्याचे शहर तेच. बदलला तो फक्त नियम. जो पहिला तो मोठा, हा नियम होता तोवर रस्त्याकडेची माणसे मरत होती. जो ठरल्या वेळी, ठरल्या शिस्तीत येईल तो मोठा, असा नियम झाला आणि खेळातली गोडी कमी झाली नाही. जे लोक म्हणत होते की वेग गेला तर खेळच संपेल, ते चुकीचे ठरले. परंपरा मोडली तर सगळे बुडेल, अशी भीती घालणारे सगळीकडेच असतात. इटलीने परंपरेतला जीवघेणा भाग काढून टाकला आणि उरलेला भाग लोक आजही आनंदाने पाहतात.

ब्रेशाच्या वेशीजवळ एका जुन्या मठात या शर्यतीचे संग्रहालय आहे. तिथे चकचकीत गाड्या आहेत. आणि ग्विदित्सोलोच्या त्या सरळ रस्त्याच्या कडेला एक स्मारक आहे. तिथे गाडी नाही, चषक नाही. मेलेल्या माणसांची आठवण आहे. इटलीला कधी जाणे झालेच, तर संग्रहालय पाहावे; पण त्या स्मारकापाशीही दोन मिनिटे उभे राहावे. तिथल्या मुलांनी शर्यत हरली नव्हती. ती तर नुसती बघायला आली होती.