फोल्डर उघडेना? फॉरमॅट करण्याआधी थांबा

घरातील संगणक सुरू होतो, पडद्यावरचे चित्रही दिसते. मात्र छायाचित्रांचे फोल्डर उघडू गेल्यास वरच्या बाजूला हिरवी पट्टी संथपणे सरकत राहते आणि काही वेळाने 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी अक्षरे उमटतात. कधी त्यापाठोपाठ खालचा टास्कबार आणि डेस्कटॉपवरची सारी चिन्हे क्षणभर नाहीशी होतात. अशा वेळी 'हार्ड डिस्क गेली' असा निष्कर्ष काढून संगणक दुरुस्तीसाठी नेला जातो, आणि तेथे मिळणारा सल्ला पुष्कळदा एकाच शब्दाचा असतो : फॉरमॅट. तो अमलात आला की संगणक नव्यासारखा चालू लागतो, हे खरे. पण बारशाची, लग्नाची छायाचित्रे आणि वर्षानुवर्षांचे हिशेब त्यात पुसले जातात. वास्तविक अशा पुष्कळ तक्रारींत फायलींना काहीच झालेले नसते. बिघडलेली असते ती फायली दाखवणारी खिडकी.

या खिडकीचे नाव विंडोज एक्सप्लोरर. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये फायली हाताळण्यासाठी 'फाइल मॅनेजर' नावाचा स्वतंत्र प्रोग्राम होता. १९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि त्याची जागा एक्सप्लोररने घेतली. २०१२ च्या विंडोज ८ पासून त्याला 'फाइल एक्सप्लोरर' म्हटले जाते. या बदलात एक महत्त्वाची गोष्ट घडली. डेस्कटॉप, टास्कबार आणि फोल्डरच्या खिडक्या ही सारी कामे एकाच प्रोग्रामकडे आली. त्यामुळे एखादे फोल्डर अडले की सगळा पडदाच मेल्यासारखा वाटतो आणि वापरकर्ता घाबरतो. ग्रंथालयातील कार्डांचा खण अडकला, म्हणून कपाटातील पुस्तके जळाली असे कोणी मानत नाही. येथे मात्र नेमके तेच मानले जाते.

पहिला उपाय अगदी साधा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधून त्यावर राइट क्लिक करावे आणि 'रीस्टार्ट' निवडावे. पडदा क्षणभर रिकामा होऊन पूर्ववत होतो. वीजपुरवठ्याचे बटण दाबून संगणक बंद करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित, कारण लिहीत असलेले पत्र किंवा उघडलेली हिशेबाची फाइल त्यात जात नाही.

दोष पुन्हा उद्भवला, तर तो नेमका कोठे उद्भवतो हे पाहावे. सर्व फोल्डर उघडतात आणि छायाचित्रे किंवा चित्रफिती असलेले एखादेच अडते काय? तसे असेल तर संशय लघुचित्रांवर घ्यावा. फोल्डर उघडताना एक्सप्लोरर केवळ फायलींची नावे वाचत नाही. प्रत्येक छायाचित्राची व चित्रफितीची लहान प्रतिमा दाखवण्यासाठी त्या फायलीच्या आत डोकावतो. मोबाइलमधून अर्धवट उतरलेली एखादी चित्रफीत त्यात असली, की तो तेथेच अडखळतो आणि शेजारच्या शेकडो धडधाकट फायलीही अडवून ठेवतो. यावर 'व्ह्यू' मेनूतील (विंडोज ११ मध्ये तीन टिंबांच्या मेनूतील) 'ऑप्शन्स' उघडून, 'व्ह्यू' या भागातील 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' या ओळीपुढे खूण करावी. उजवीकडे फायलीचा मजकूर दाखवणारा प्रीव्ह्यूचा भाग उघडा असल्यास ऑल्ट आणि पी या कळांनी तोही बंद करावा.

एवढ्यावर फोल्डर सुरळीत उघडले, तर गुन्हेगार त्याच फोल्डरमध्ये आहे. तो शोधण्यासाठी निम्म्या फायली दुसऱ्या नव्या फोल्डरमध्ये हलवाव्यात, लघुचित्रे पुन्हा सुरू करावीत आणि कोणता भाग अडतो ते पाहावे. मग त्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. काम कंटाळवाणे वाटते खरे, पण हजार फायलींतून एक सदोष फाइल साधारण दहा फेऱ्यांत सापडते. फाइल सापडेना आणि लघुचित्रेच चुकीची किंवा काळी दिसत असतील, तर 'डिस्क क्लीनअप'मध्ये 'थंबनेल्स' निवडून जुना साठा पुसावा. मूळ छायाचित्रांना त्यामुळे धक्का लागत नाही. लघुचित्रे नव्याने तयार होतात.

फोल्डर उघडते, पण राइट क्लिक करताच सारे गोठते, ही वेगळी व्याधी आहे. फायली झिप करणारे, विषाणू शोधणारे, इंटरनेटवर साठवण करणारे अनेक प्रोग्राम त्या मेनूत आपापली ओळ घुसवतात आणि त्यासाठी त्यांचा तुकडा थेट एक्सप्लोररच्या आत चालतो. पाहुण्याने घरातच आजारी पडावे, तसा त्याचा दोष यजमानाच्या माथी येतो. खात्री करण्यासाठी शिफ्ट कळ दाबून ठेवून 'रीस्टार्ट' निवडावे आणि पुढील पर्यायांतून 'सेफ मोड'मध्ये संगणक सुरू करावा. तेथे राइट क्लिक सुरळीत चालला, तर अलीकडे बसवलेले प्रोग्राम एकेक करून काढून पाहावेत. एक्सप्लोररची खिडकी उघडायलाच वेळ लागत असेल, तर बंद पडलेल्या नेटवर्कवरील एखादे फोल्डर 'क्विक अॅक्सेस'च्या यादीत राहिले आहे काय, ते तपासावे.

अधिक धडकी भरवणारा प्रकार म्हणजे फोल्डरच दिसेनासे होणे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणलेला पेनड्राइव्ह घरी लावल्यावर फोल्डरांच्या जागी बाणाची खूण असलेले शॉर्टकट दिसतात, हा अनुभव एके काळी घरोघरी आला. विषाणू मूळ फोल्डर पुसत नाही. त्यांना 'लपलेले' आणि 'प्रणालीचे' असा शिक्का मारतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये आणि फेब्रुवारी २०११ मधील सुधारणेद्वारे एक्सपी व व्हिस्टामध्येही पेनड्राइव्हवरील प्रोग्राम आपोआप सुरू होणे बंद केले. पण शॉर्टकटवर वापरकर्त्यानेच डबल क्लिक केल्यास ते संरक्षण निरुपयोगी ठरते. तेव्हा त्याला हात न लावता 'हिडन आयटम्स' दाखवण्याचा पर्याय सुरू करावा आणि 'ऑप्शन्स'मधील 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही खूण काढावी. मूळ फोल्डर फिकट रंगात प्रकट होतात. त्यांतील आपल्या फायली तेवढ्या उतरवून घ्याव्यात आणि त्यानंतरच पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा. काम झाल्यावर ती खूण पुन्हा लावण्यास विसरू नये.

डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समधील फायली नाहीशा झाल्या असतील, तर आधी 'वनड्राइव्ह'चे फोल्डर उघडावे. या सेवेचा बॅकअप सुरू केल्यावर ही फोल्डर तिच्या अखत्यारीत जातात आणि जुनी जागा रिकामी दिसू शकते.

मराठीत नावे देणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. ड्राइव्हपासून फायलीपर्यंतच्या सर्व नावांची मिळून लांबी २६० चिन्हांच्या आत ठेवण्याची जुनी मर्यादा अनेक ठिकाणी अजून लागू पडते. 'श्री' हे डोळ्यांना एकच अक्षर दिसले, तरी संगणकाच्या हिशेबात ती चार चिन्हे असतात. फोल्डरात फोल्डर करत गेल्यास लांबलचक मराठी नावांची फाइल मग ना हलवता येते, ना पुसता येते. वरच्या एखाद्या फोल्डरचे नाव तोकडे केले की ती मोकळी होते.

अर्थात, कधी डिस्क खरोखरच निकामी होऊ लागलेली असते. टकटक असा आवाज, साधी फाइल उतरवण्यासही लागणारा विलंब ही तिची लक्षणे. वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करण्यास सुचवणारी चौकट आल्यास 'कॅन्सल'च दाबावे. डिस्क तपासण्याची सोय 'प्रॉपर्टीज'मधील 'टूल्स' येथे आहे, पण मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तपासणीचा ताण झेपत नाही. म्हणून आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवाव्यात. विंडोजच सुरू होत नसेल, तर पेनड्राइव्हवरून उबंटूसारखी लिनक्स प्रणाली चालवता येते. तिचा फाइल मॅनेजर वेगळा असल्याने, एक्सप्लोररला न दिसणारे फोल्डर तेथे अनेकदा शाबूत आढळते. डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास मात्र ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी हे अंक कागदावर उतरवून घरी ठेवावेत.