एक लॉग पुरतो का?

सॉफ्टवेअर काटेकोरपणे तपासायचं ठरलं, की ‘ते कसं वागलं पाहिजे’ हे कोणत्या तर्कात लिहायचं हे आधी ठरवावं लागतं. टेम्पोरल लॉजिक घटनांच्या क्रमाबद्दल बोलतं: अमुक कधीच घडू नये, तमुक कधी ना कधी घडावंच. एपिस्टेमिक लॉजिक कोणाला काय माहीत आहे, याबद्दल बोलतं. यूपीआयने पैसे दिले, खात्यातून रक्कम गेली आणि मोबाइलवर ‘पेंडिंग’ दिसतंय, तेव्हा दोन्ही तर्क लागू पडतात. पहिला म्हणतो, कापलेली रक्कम दुकानदाराला मिळावी, नाहीतर परत यावी. दुसरा म्हणतो, ती मिळाली की नाही हे ग्राहकाच्या ॲपला अजून ठाऊक नाही. निवडीची कसोटी माझ्या मते साधी आहे. एकच लॉग, म्हणजे घडलेल्या घटनांची क्रमवार नोंद, पुढे ठेवून चूक सिद्ध करता येत असेल, तर टेम्पोरल लॉजिक घ्यावं. (‘कधी ना कधी’चा भंग दाखवायला लॉग अनंत लागतो, म्हणून व्यवहारात मुदत घालतात, पण लॉग एकच.) रोजच्या कामातल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात.

नीडहॅम आणि श्रोडर यांचा 1978चा ओळख पटवण्याचा प्रोटोकॉल पाहा. 1989 साली बरोज, अबादी आणि खुद्द नीडहॅम यांनी ‘कोण कशावर विश्वास ठेवतो’ हे मांडणारं बॅन लॉजिक वापरून तो तपासला. त्यातली फट दिसली नाही. ती 1995मध्ये गॅव्हिन लो यांनी दाखवली. ‘क’ आणि ‘ख’ हे दोन प्रामाणिक सदस्य धरा. ‘क’ स्वतःहून एका लबाड सदस्याशी बोलणं सुरू करतो. तो लबाड ‘क’चा गुप्त आकडा ‘ख’च्या किल्लीने पुन्हा कुलूपबंद करून ‘ख’कडे धाडतो. ‘ख’चं उत्तर ‘क’च्या किल्लीने बंद असतं, म्हणून ते उघडण्याचं काम तो बिचाऱ्या ‘क’कडूनच करून घेतो. शेवटी ‘ख’ला वाटतं, आपण ‘क’शी बोलतोय. इथे बिघडला तो ‘ख’चा समज, तरी पुरावा म्हणून सहा संदेशांचा एक क्रम पुरला. पुढच्याच वर्षी लो यांनी एफडीआर या साधनाने घटनांचे क्रम धुंडाळून तोच हल्ला यंत्राकडून काढून घेतला आणि दुसऱ्या संदेशात ‘ख’चं नाव घालून फट बुजवली. एफडीआर हे टेम्पोरल लॉजिकचं साधन नव्हे, पण नजर तीच: काय घडलं आणि कशानंतर घडलं.

यावर आक्षेप येतो की अनेक यंत्रांवर पसरलेल्या प्रणालीचं खरं दुखणं अज्ञानच आहे. ते खरंच आहे. संदेश हरवू शकत असतील, तर ‘तुला माहीत आहे हे मला माहीत आहे’ ही साखळी सामायिक ज्ञानापर्यंत कधीच पोचत नाही, हे हाल्पर्न आणि मोझेस यांनी सिद्ध केलं. कशाच्या मागे लागू नये, हे त्यातून कळतं आणि डिझाइनच्या बैठकीत त्याचं मोल मोठं. पण बैठक संपून कोड लिहिला जातो, तेव्हा ‘माहीत असणं’ म्हणजे पोच मिळाल्याची एक नोंद उरते, आणि ती नोंद चुकीच्या वेळी झाली का, हा प्रश्न पुन्हा क्रमाचा. ॲमेझॉनच्या अभियंत्यांना टेम्पोरल लॉजिकवर बेतलेली टीएलए+ ही भाषा वापरताना डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये अशी चूक सापडली, जिचा सर्वांत छोटा क्रमही 35 पायऱ्यांचा होता. पायऱ्या पस्तीस, पण क्रम एकच.

मतदानाची गुप्तता मात्र या कसोटीवर अडते. इथे प्रत्येक लॉग सुटा पाहिला तर निर्दोष दिसू शकतो. दोन मतदारांची मतं आपसात बदलली असती, तरी पाहणाऱ्याला सगळं तसंच दिसलं असतं का, हे विचारायचं तर दोन लॉग शेजारी ठेवावे लागतात. ‘पाहणाऱ्याला कळत नाही’ हे विधान एपिस्टेमिक लॉजिकमध्ये सरळ लिहिता येतं, साध्या टेम्पोरल लॉजिकमध्ये येत नाही. अनेक लॉगची तुलना करण्यासाठी हायपरएलटीएल हे वेगळं लॉजिक घडवावं लागलं ते म्हणूनच. अशा कामाला एमसीएमएएससारखी ज्ञान आणि काळ दोन्ही हाताळणारी साधनं आहेत. ती अजून बहुतांशी संशोधकांच्याच हातात आहेत, आणि पाहणाऱ्याला आधीचं सगळं आठवतं असं धरलं की तपासणी फार महाग पडते. तरी गुप्ततेचा प्रश्न असेल तिथे तो खर्च करावा; पेमेंटच्या पोचपावतीसाठी करू नये.