गळा घडवण्याची शंभर वर्षं

गवयाचा आवाज ही देवाची देणगी, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली, तेव्हापासूनचा काळ चाळला तर मात्र उलटच दिसतं. इथल्या कितीतरी थोर गायकी बिघडलेल्या किंवा बदललेल्या गळ्यातून उभ्या राहिल्या. माळव्यातल्या एका संस्थानात असताना अतिगाण्याने अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज बसला. तो पूर्वीसारखा परतला नाही, तेव्हा उरलेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, आकारयुक्त गायकी त्यांनी बांधली. पुढे कोल्हापूरच्या आश्रयाने ती महाराष्ट्राची झाली. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत बारीक, उंच आवाज आहे. घशाच्या दुखण्यानंतर तो भारदस्त झाला आणि किराण्याचा सूर त्यांनी त्या नव्या गळ्यात पुन्हा लावला. कुमार गंधर्व 1948 साली देवासला गेले ते क्षयाने खंगून. एक फुप्फुस निकामी झाल्यावर त्यांच्या गाण्यात छोट्या, धारदार स्वरवाक्यांना जे वजन आलं, त्यात प्रतिभेइतकाच दमाचा अचूक हिशेबही आहे.

यावर कुणी म्हणेल, ही असामान्य माणसं. सामान्य शिष्याने गुरूचा आवाज उचलावा हेच बरं. गुरुमुखी विद्येत अनुकरण ही पहिली पायरी आहे, हे मान्यच. पण सूर लावण्याची रीत उचलणं वेगळं आणि आवाजाचा पोत उचलणं वेगळं. पुरुष गुरूच्या पट्टीत गाणारी मुलगी किंवा उस्तादांचा अनुनासिक सूर नाकात धरणारा मुलगा घराणं शिकत नसतो, गळा आवळत असतो. खर्जाचा रियाजच पाहा. मंद्र षड्ज धरला की खांदे वर जातात, हनुवटी छातीला टेकते, जीभ मागे ओढली जाते आणि श्वास संपताना सूर किंचित उतरतो. हे कुणी दाखवलंच नाही, तर रोजच्या दोन तासांत दोषच पक्का होतो. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांनी आवाजाच्या शास्त्राचा अभ्यास याचसाठी केला आणि पुढे अशोक रानडे यांनी तो वाढवला. कुमार देवधरांकडेच घडले, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

दुसरा आक्षेप माइकचा. केसरबाई केरकरांना लागला तसा बुलंद आकार आता कशाला हवा, असं विचारतात. बुलंदपणाची गरज कमी झाली, हे खरं. हळुवार गाण्याला माइकने जागाही दिली. पण डळमळता षड्ज, फुटलेला श्वास आणि जबड्याने हलवलेली तान तो लपवत नाही, उलट शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. म्हणून शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती: पहिला राग देण्याआधी शिष्याचा गळा काही महिने नीट ऐका, आणि पट्टी त्याची ठरवा, तुमची नव्हे.